छायाचित्र लहान-मोठे करताना

घरातील वडीलधारे माणूस जाते. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत त्याचे मोठे छायाचित्र तयार करून, हार घालून बैठकीच्या खोलीत ठेवावयाचे असते, आणि मग शोधाशोध सुरू होते. एक जुना फोटो इंदूरला काकांकडे असतो, दुसरा हैदराबादला आत्याबाईंच्या ट्रंकेत असतो. अखेर कोणाच्या तरी मोबाइलमध्ये एक बरेसे छायाचित्र सापडते आणि चार फोनांतून फिरत फिरत ते फोटोग्राफरच्या दुकानी पोहोचते. दुकानातला माणूस ते पडद्यावर ताणून पाहतो आणि म्हणतो, "हा फोटो फाटतोय." कागद फाटावा तसे येथे काहीच झालेले नसते. परंतु डोळ्यांच्या जागी चौकोनी ठिकऱ्या दिसू लागतात, चष्म्याची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते आणि मिशीचा नुसता एक काळसर पट्टा उरतो. लहान पडद्यावर जो चेहरा इतका स्वच्छ दिसत होता तो मोठा करताच असा का विसकटला, हे दुकानदार सांगत नाही आणि दुःखाच्या गडबडीत कोणी विचारीतही नाही.

याचे उत्तर समजण्यासाठी संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे काय, येथून आरंभ केला पाहिजे. १९५७ साली वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श या संशोधकाने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे एक छायाचित्र फिरत्या दंडगोलावर बसविले आणि ते यंत्राकडून वाचवून घेतले. छायाचित्र पाच सेंटिमीटर लांब व तितकेच रुंद होते. यंत्राने त्याच्या १७६ ओळी केल्या, प्रत्येक ओळीत १७६ घरे पाडली, आणि प्रत्येक घर काळे की पांढरे एवढीच नोंद घेतली. काळ्या-पांढऱ्याची सीमा निरनिराळ्या ठिकाणी धरून असे वाचन पुन्हा पुन्हा केले तेव्हा करड्या छटाही मिळाल्या. संगणकाने वाचलेले हे पहिले छायाचित्र मानले जाते. ३०,९७६ घरे आणि प्रत्येक घरात एक आकडा, एवढाच त्याचा सारा संसार. घरे चौकोनी धरणे त्या वेळी सोयीचे वाटले. पुढे अर्ध्या शतकाने, २०१० साली, खुद्द कर्श यांनीच या चौकोनांबद्दल खंत व्यक्त केली आणि निराळ्या आकारांच्या घरांची एक पद्धत सुचविली. परंतु तोवर सारे जग चौकोनांत स्थिरावले होते.

या घराला पिक्सेल म्हणतात. मोबाइलने काढलेले सर्वसाधारण छायाचित्र ४,००० पिक्सेल रुंद व ३,००० पिक्सेल उंच असते, म्हणजे त्यात एक कोटी वीस लाख घरे असतात आणि प्रत्येक घरात लाल, हिरव्या व निळ्या रंगांचे तीन आकडे, बहुधा ० ते २५५ यांमधले. संगणकाजवळ चेहरा नसतो, चष्मा नसतो, मिशी नसते. आकड्यांचा हा एक तक्ता तेवढा असतो. ठिपक्यांच्या रांगोळीशी याचे बरेच साम्य आहे. सात ठिपके सात ओळींची रांगोळी ठिपक्यांमधले अंतर वाढवून अंगणभर काढता येते. ती मोठी होते, परंतु तिच्यात एकही नवी पाकळी येत नाही. उलट तीच रांगोळी पाटापुढच्या वीतभर जागेत बसवावयाची म्हटले की काही ठिपके गाळावेच लागतात, आणि कोणते गाळावे यावर रांगोळी राहणार की बिघडणार हे ठरते.

येथेच एक घोटाळा आधी निस्तरला पाहिजे, कारण निम्म्याहून अधिक छायाचित्रे त्यापायी बिघडतात. छायाचित्राचा 'आकार' हा एकच शब्द तीन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो. पहिला आकार म्हणजे तक्त्यात किती घरे आहेत तो. दुसरा म्हणजे कागदावर ते चित्र किती इंचांत छापावयाचे तो. तिसरा म्हणजे साठवणीत त्या फाइलचा भार किती किलोबाइट आहे तो. पारपत्राच्या ३५ मिलिमीटर रुंद व ४५ मिलिमीटर उंच फोटोचे उदाहरण घ्यावे. दर इंची ३०० पिक्सेल या हिशेबाने तो छापावयाचा तर साधारण ४१३ गुणिले ५३१ पिक्सेल लागतात. फाइलमध्ये 'दर इंची ३००' या नोंदीऐवजी 'दर इंची ७२' अशी नोंद केली तर तक्त्यातला एकही आकडा बदलत नाही. एवढेच होते की तीच घरे अधिक मोठ्या कागदावर पसरतात. तरीही पुष्कळ ठिकाणी ही नोंद वाढविली म्हणजे छायाचित्र सुधारले अशी समजूत असते. पिशवीवरची चिठ्ठी बदलल्याने आतले तांदूळ वाढत नाहीत.

आता लहान करण्याकडे वळू. ४,००० पिक्सेल रुंदीचे चित्र ८०० पिक्सेल रुंदीचे करावयाचे म्हणजे उंचीही ३,००० वरून ६०० वर आणावयाची. हे प्रमाण सोडले की चेहरे चपटे किंवा लांबुडके होतात, आणि त्याविषयी अधिक सांगण्याचे कारण नाही. रुंदीत पाचास एक, उंचीतही पाचास एक, म्हणजे जुन्या पंचवीस घरांच्या जागी नवे एक घर येणार. पंचवीसपैकी चोवीस आकड्यांना निरोप द्यावयाचा आहे. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग असा की दर पाचवे घर उचलावे व बाकीची टाकून द्यावीत. घाईने केलेल्या कामात हेच घडते.

यात वाईट काय, हे पाहण्यासाठी बारीक चौकड्याचे इरकली लुगडे नेसलेल्या आजींचे छायाचित्र डोळ्यांपुढे आणावे. समजा, त्या वस्त्रावर एक घर काळे, एक पांढरे, पुन्हा एक काळे, असे अतिशय बारीक पट्टे तक्त्यात उतरले आहेत. आकड्यांत सांगावयाचे तर ०, २५५, ०, २५५ अशी रांग आहे. चित्र निम्मे करण्यासाठी एकाआड एक घर उचलले तर हाती ०, ०, ०, ० येते आणि लुगडे काळे कुळकुळीत होते. उचलण्यास एक घर पुढून आरंभ केला तर २५५, २५५, २५५ येते आणि तेच लुगडे पांढरे शुभ्र होते. दोन्ही साफ खोटे. प्रत्यक्षात पट्टे इतके अचूक जुळत नाहीत, कोठे काळे अधिक उचलले जाते, कोठे पांढरे, आणि मग वस्त्रावर मुळात नसलेल्या रुंद, वाकड्यातिकड्या लाटा उमटतात. जाळीच्या खिडक्या, कौलांचे उतार, विटांच्या भिंती, बारीक टाइपाचा मजकूर, या सर्वांवर अशा लाटा दिसतात. चित्रपटात धावत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना श्रोत्यांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तोही याच जातीचा भास होय. कॅमेरा सेकंदाला ठरावीक चित्रेच टिपतो, दोन चित्रांमध्ये चाक फार फिरून जाते, आणि डोळा चुकीचा दुवा जोडतो.

या भासामागचा नियम दूरध्वनीच्या तारांवर काम करणाऱ्यांनी फार पूर्वी मांडला. अमेरिकेतील हॅरी नायक्विस्ट यांचा त्यासंबंधीचा निबंध १९२८ सालचा, आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली त्याला नेटके गणिती रूप दिले. एखादी गोष्ट वर-खाली होत असेल तर तिच्या एका पूर्ण फेऱ्यासाठी दोनाहून अधिक नोंदी घेतल्या पाहिजेत, असे त्याचे स्थूल सार सांगता येईल. त्याहून कमी नोंदी घेतल्या तर ती गोष्ट नुसती हरवत नाही, वेष पालटून दुसऱ्याच रूपाने समोर येते. म्हणून चित्र लहान करण्याचा पहिला नियम ऐकावयास उलटा वाटतो: लहान तक्त्यात जे बारकावे मावणारच नाहीत ते आधी विरघळवून टाकावेत आणि मग घरे कमी करावीत. पंचवीस घरांतून एक उचलण्याऐवजी पंचविसांची सरासरी घ्यावी. इरकलीचे काळे-पांढरे पट्टे मग करडे दिसतात, आणि लांबून पाहणाऱ्या माणसालाही ते तसेच दिसले असते. चांगल्या प्रणाली निव्वळ सरासरीवर थांबत नाहीत. मधल्या घरांना अधिक वजन, कडेच्या घरांना कमी, आणि त्याहून दूरच्या काही घरांना किंचित उणे वजन देऊन ती हिशेब करतात. त्यामुळे कडा मऊ पडत नाहीत. हंगेरीत जन्मलेले गणिती कॉर्नेलियस लांझोस यांचे नाव मिरविणारी एक रीत या कामी विशेष प्रसिद्ध आहे व अनेक प्रणालींच्या यादीत ते नाव सापडते.

या सरासरीत एक बारीक खोच आहे आणि जाणत्यांच्याही हातून ती निसटते. तक्त्यातला आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो. डोळ्याला अंधारातले फरक अधिक जाणवतात, म्हणून आकडे त्या मानाने वाटलेले असतात. काळा ० आणि पांढरा २५५ यांची आकड्यांतली सरासरी १२८ होते, परंतु पडद्यावर १२८ या आकड्याने जो प्रकाश पडतो तो पूर्ण प्रकाशाच्या सुमारे २२ टक्केच असतो. काळे आणि पांढरे निम्मे-निम्मे मिसळले असता खरोखर जितका उजेड डोळ्यांत आला असता तितका दाखविण्यासाठी १८८ हा आकडा लागतो. अर्थात आकड्यांची सरासरी करण्यापूर्वी त्यांचे प्रकाशात रूपांतर केले पाहिजे आणि नंतर पुन्हा आकड्यांत. पुष्कळशा प्रचलित प्रणाली हा उपद्व्याप टाळतात. साध्या चेहऱ्यांत त्याने फारसे बिघडत नाही. परंतु दिवाळीच्या रात्रीची दिव्यांची माळ, काळ्या भिंतीपुढचे पांढरे केस, अशी चित्रे लहान केल्यावर निस्तेज होतात ती यामुळेच.

नीट लहान केलेल्या चित्राला शेवटी किंचित धार द्यावी लागते. येथे धार म्हणजे कडेच्या उजळ बाजूला थोडे अधिक उजळ आणि काळ्या बाजूला थोडे अधिक काळे करणे. ही युक्ती संगणकाच्या आधीची, अंधाऱ्या खोलीतली आहे. निगेटिव्हची मुद्दाम अस्पष्ट केलेली प्रत मूळ निगेटिव्हला जोडून छापले म्हणजे कडा उठून दिसत, आणि त्या अस्पष्ट प्रतीवरून पडलेले इंग्रजी नाव अजूनही प्रणालींत चालू आहे. मीठ टाकावे तितक्याच बेताने ही धार वापरावी. जास्त झाली की खांद्याभोवती, केसांभोवती पांढरी रेघ उमटते आणि माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

वर्तमानपत्राच्या कात्रणांबद्दल येथे एक शब्द सांगावयास हवा, कारण कित्येक घरांत आजोबांचे एकमेव छायाचित्र जुन्या अंकातले असते. छापील चित्र मुळातच ठिपक्यांच्या जाळीतून छापलेले असते. भिंगाखाली धरले की ठिपके स्पष्ट दिसतात. स्कॅनरची घरे आणि छपाईचे ठिपके यांची गाठ पडली की इरकलीच्या लुगड्याचीच गत होते व चेहऱ्यावर जाळी उमटते. अशा वेळी कात्रण दर इंची ६०० किंवा त्याहून अधिक घनतेने स्कॅन करावे, ठिपके एकमेकांत मिसळतील इतपत ते अस्पष्ट करावे, आणि मगच लहान करावे. क्रम बदलला तर जाळी कायमची बसते.

मोठे करण्याचे काम याच्या नेमके उलट आणि स्वभावतःच अवघड आहे. लहान करताना माहिती टाकून द्यावयाची असते; मोठे करताना जी कधीच टिपली गेली नाही ती भरून काढावयाची असते. शेजारच्या दोन घरांत १०० आणि २०० हे आकडे आहेत व त्यांच्यामध्ये एक नवे घर आले आहे. त्यात काय लिहावे? जवळच्या घराचा आकडा जसाच्या तसा उतरविला तर १००, १००, २०० होते आणि चौकोनी ठिकऱ्या दिसतात. छायाचित्र 'फाटते' ते हेच. दोहोंची सरासरी १५० लिहिली तर ठिकऱ्या जातात, पण चित्रावर धुके पसरते. तिसऱ्या रीतीत आडव्या चार व उभ्या चार अशा सोळा घरांकडे पाहून, आकड्यांचा चढउतार कोणत्या वळणाने चालला आहे ते लक्षात घेऊन मधला आकडा काढला जातो. रॉबर्ट कीज यांनी १९८१ साली मांडलेली ही रीत पुढे सर्वत्र रूढ झाली. ती कडा बऱ्याच राखते, मात्र कधी कधी कडेच्या बाजूने पाण्यातल्या तरंगासारखी एक अस्पष्ट प्रतिरेषा सोडून जाते.

ठिकऱ्या, धुके आणि तरंग या तीन दोषांपैकी एक कमी केला की दुसरा डोके वर काढतो. १९८८ साली डॉन मिचेल आणि अरुण नेत्रावळी या दोघांनी या ओढाताणीचा छडा एका सरळ मार्गाने लावला. मुंबईच्या आय.आय.टी.तून १९६७ साली पदवी घेतलेले नेत्रावळी त्या वेळी बेल प्रयोगशाळेत होते. पुढे ते तिचे अध्यक्ष झाले आणि २००१ साली पद्मभूषण झाले. या दोघांनी वजने वाटण्याच्या अनेक रीती दोन अंकांच्या साहाय्याने एका नकाशात मांडल्या, त्या रीतींनी केलेली चित्रे जाणकार निरीक्षकांना दाखविली आणि नकाशाचा कोणता भाग कोणत्या दोषाचा हे त्यांच्या उत्तरांवरून ठरविले. मधोमध जो समाधानकारक प्रदेश निघाला त्यातील एक-तृतीयांश व एक-तृतीयांश ही जोडी त्यांनी सुचविली व ती आजही वापरात आहे. गणिताने जेथे एकच उत्तर देण्याचे नाकारले तेथे निवाडा माणसाच्या डोळ्यांवर सोपविला, हे त्या निबंधाचे खरे मोल म्हणावे लागेल. अपवाद एवढाच की पैसे देण्यासाठी दुकानात लावलेली चौकटींची काळी-पांढरी खूण मोठी करावयाची असेल तर आकडा जसाच्या तसा उतरविणारी पहिली, ओबडधोबड रीतच योग्य. तेथे धुके अजिबात नको असते.

मग भिंतीवरच्या त्या मोठ्या छायाचित्राचे काय? येथे एक दिलासा आहे आणि दुकानदार तो क्वचितच देतात. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर वेगळे ओळखता येते. हातातला फोटो दहा इंचांवरून पाहिला जातो. तेथे या हिशेबाने दर इंची सुमारे ३४० घरांपर्यंतचा फरक दिसू शकतो, आणि 'दर इंची ३००' हा दंडक त्याच सुमाराचा आहे. परंतु भिंतीवरचा फोटो सहा फुटांवरून पाहिला जातो. तेवढ्या अंतरावर दर इंची पन्नासाच्या पलीकडची घरे डोळ्याला वेगळी दिसतच नाहीत. जवळ जाऊन पाहणारा एखादा धरला तरी दर इंची १०० घरे पुरेशी होतात. फोनवरून आलेले १,२०० गुणिले १,६०० पिक्सेलचे चित्र त्यामुळे १२ गुणिले १६ इंचांच्या चौकटीत निर्धास्तपणे लावता येते. हाच चेहरा समूहचित्राच्या कोपऱ्यातून कापून काढलेला, अवघ्या १५० पिक्सेल रुंदीचा असेल, तर मात्र चौकट लहान करणे हाच प्रामाणिक उपाय.

मूळ कागदी फोटो हाती असेल तर मोठे करण्याचे काम संगणकावर न टाकता स्कॅनरवर टाकावे. सहा गुणिले नऊ सेंटिमीटरचा जुना फोटो दर इंची ६०० ने स्कॅन केला की सुमारे १,४२० गुणिले २,१२५ पिक्सेल मिळतात, आणि ही घरे कल्पनेने भरलेली नसून कागदावरून वाचलेली असतात. स्कॅनरच्या खोक्यावर कधी कधी फार मोठे आकडे छापलेले असतात. त्यांपैकी यंत्राच्या काचेने व संवेदकाने खरोखर वाचलेला आकडा कोणता आणि मधली घरे हिशेबाने भरून फुगविलेला कोणता, हे पाहून घ्यावे.

आता तिसरा आकार, म्हणजे भार. बहुतेक छायाचित्रे ज्या जेपेग पद्धतीने साठविली जातात तिचे मानक १९९२ सालचे. तिच्या मुळाशी असलेले गणित १९७४ साली बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह प्रसिद्ध केले. त्यासाठी अहमद यांनी आधी अमेरिकेत अनुदान मागितले होते, ते मिळाले नाही. कल्पना फारच सोपी आहे असे एका परीक्षकाचे मत पडल्याचे त्यांनी पुढे लिहिले आहे. या पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ घरांचे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यातले ठळक चढउतार आणि बारीक चढउतार वेगळे काढतात, आणि डोळ्याला कमी जाणवणारे बारीक चढउतार ढोबळ मापाने लिहितात किंवा सोडून देतात. सोडलेले परत मिळत नाही. फाइल नुसती उघडून पाहिल्याने किंवा तिची नक्कल केल्याने काही बिघडत नाही. परंतु उघडून, थोडे कापून पुन्हा जेपेगमध्ये साठविली की हे सोडणे पुन्हा एकदा होते. संदेशवाहक प्रणालींतून साध्या रीतीने फोटो धाडला की पिक्सेल कमी होतात आणि वर हे दाबणेही होते. तोच फोटो 'दस्तऐवज' म्हणून जोडला तर तो बहुधा जसाच्या तसा पोहोचतो. चार नातेवाइकांमधून फिरलेला फोटो आणि पहिल्याच माणसाकडून थेट आलेला फोटो यांत फरक पडतो तो इथे.

नोकरीच्या अर्जांत मुलामुलींची जी तारांबळ उडते तिचे कारण या तीन आकारांची सरमिसळ हेच आहे. बँकांच्या भरती परीक्षांच्या अर्जांत २०० गुणिले २३० पिक्सेलचा, २० ते ५० किलोबाइटचा फोटो मागितला गेला आहे. उमेदवार एक कोटी वीस लाख पिक्सेलचे छायाचित्र घेतो, त्याला हात न लावता केवळ दर्जाची पट्टी खाली खाली ओढीत ते ५० किलोबाइटवर आणू पाहतो. म्हणजे दर बाइटमागे २४० पिक्सेल कोंबावयाचे! चेहऱ्याची वाट लागते आणि अर्ज नाकारला जाण्याची पाळी येते. त्याऐवजी आधी अर्जाच्या प्रमाणात फोटो कापून घ्यावा, मग २०० गुणिले २३० पिक्सेलचा करावा. हे एकूण ४६,००० पिक्सेल झाले. ५० किलोबाइटमध्ये त्यांना दर पिक्सेलमागे एक बाइटाहून अधिक जागा मिळते आणि दर्जाची पट्टी अगदी वर ठेवूनही काम भागते.

सही, उतारे, जुनी मोडी कागदपत्रे यांना हे दाबणे छायाचित्रापेक्षा अधिक बाधते, कारण तेथे सारे काही कडांतच असते. अशा गोष्टी पीएनजी पद्धतीने साठवाव्यात; तीत काहीच सोडले जात नाही. दाबण्याचे दुसरे एक रूप किती घातक होऊ शकते हे २०१३ साली जर्मनीत दिसले. डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने एका इमारतीच्या नकाशाची झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर प्रत काढली तेव्हा १४.१३, २१.११ व १७.४२ चौरस मीटरच्या तीन खोल्या तिच्यात सरसकट १४.१३ चौरस मीटरच्या झाल्या होत्या. एकसारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून जागोजागी चिकटवण्याची युक्ती यंत्राने केली होती आणि निराळे आकडे त्याला एकसारखे वाटले होते. प्रत अस्पष्ट नव्हती, स्वच्छ होती. म्हणूनच कोणाला शंका आली नाही. कंपनीने नंतर त्यावर दुरुस्ती दिली. जमिनीच्या उताऱ्यातला एक आकडा असा बदलला तर काय होईल, याची कल्पना प्रत्येक खातेदाराला आहे.

स्वच्छ पण खोटे, हाच धोका कृत्रिम बुद्धीने फोटो मोठे करण्याच्या नव्या साधनांत आहे. ही साधने शेजारच्या सोळा घरांकडे पाहून थांबत नाहीत. लाखो चेहरे पाहून त्यांनी चेहरा साधारण कसा असतो हे शिकून घेतलेले असते, आणि पुसट जागी ती तो साधारण चेहरा भरतात. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तयार झालेले एक साधन १६ गुणिले १६ पिक्सेलच्या ठिकऱ्यांतून १,०२४ गुणिले १,०२४ पिक्सेलचा रेखीव चेहरा उभा करीत असे. त्याला बराक ओबामा यांचे पुसट चित्र दिले तेव्हा त्यातून एक गोरा माणूस बाहेर आला. साधन बिघडलेले नव्हते. दिलेल्या ठिकऱ्यांशी जुळणारे असंख्य चेहरे संभवतात, आणि त्यांपैकी आपल्या सवयीचा एक त्याने निवडला होता. २०२४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या एका न्यायालयाने कृत्रिम बुद्धीने स्पष्ट केलेले मोबाइलवरचे चलच्चित्र खटल्यात पुरावा म्हणून घेण्यास नकार दिला. मुळात नसलेले तपशील त्यात भरले जातात आणि ते कसे भरले हे कोणाला तपासता येत नाही, असा त्यामागचा विचार होता.

घरच्या फोटोला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावयाचे नसते हे खरे. कापडावरची घडी किंवा भिंतीचा पोत अशा साधनाने भरला तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु चेहऱ्याची गोष्ट निराळी आहे. गालावरचा देवीचा व्रण गुळगुळीत होतो, पुढचा तुटका दात पुरा होतो, बारीक डोळे टपोरे होतात, आणि ज्यांनी त्या माणसाला पाहिले नाही अशा नातवंडांना पुढे तोच चेहरा खरा वाटू लागतो. अशी प्रत करावयाचीच असेल तर मूळ फाइलवर ती साठवू नये. मूळ जसेच्या तसे ठेवून सुधारित प्रतीला वेगळे नाव द्यावे आणि त्या नावातच 'संगणकाने भरलेली' असे लिहून ठेवावे. कागदी फोटो स्कॅन करताना त्याची पाठही स्कॅन करून त्याच जागी ठेवावी; स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव आणि पेन्सिलीने घातलेली तारीख पुष्कळदा तेथेच असते.